“नोकरी दाखवू नको” : दिव्यांग तरुणांच्या अर्थसाहाय्याबाबत नागपूरहून एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणारे विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : नोकरीला लागलेल्या दिव्यांग तरुणांचे संजय गांधी निराधार अनुदान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करणे आणि नोकरी सुटल्यास ते पुन्हा सुरू करणे.

महोदय / महोदया,

अधिवेशनाच्या दिवसांत आमच्या शहरात मागणी मांडण्याची रीत ठरलेली आहे. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो, टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला कठड्यांपाशी अडवला जातो, तिथे लोक तासन्‌तास बसून राहतात आणि संध्याकाळी चार-पाच जणांचे शिष्टमंडळ निवेदन देऊन परत येते. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (स्नायूंवर नीट ताबा न राहण्याचा मेंदूशी निगडित विकार) आहे. कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्टी, बांधून मी अर्धा तास उभी राहू शकते. त्यापुढे डावा गुडघा ऐकत नाही, आणि जमिनीवर बसले तर दोघांनी धरल्याशिवाय उठता येत नाही. म्हणून मोर्चात न येता हे पत्र लिहीत आहे.

मी चोवीस वर्षांची आहे, नंदनवन भागात आईबरोबर राहते आणि बी.कॉम. झालेली आहे. माझ्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचे प्रमाण ६० टक्के लिहिलेले आहे. वडील नाहीत. आई दोन घरी पोळ्या करते आणि तिला महिन्याला ४,००० रुपये मिळतात, म्हणजे आमच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचे ४८,००० रुपये येतात. हा आकडा मुद्दाम सांगते, कारण पुढचे सारे या आकड्याभोवतीच फिरते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. आम्ही त्या मर्यादेच्या आत होतो, दोन हजारांनी, म्हणून मला हे मासिक अनुदान मिळत होते.

आमच्या वस्तीत या अनुदानाला कोणी अनुदान म्हणत नाही, ‘पगार’ म्हणतात. “तुझा पगार आला का?” असे शेजारच्या काकू विचारतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. मला मात्र जून २०२४ मध्ये खराखुरा पगार सुरू झाला. शंकरनगरजवळ एका वाहतूक कंपनीच्या कार्यालयात बिले तपासून संगणकावर चढवण्याचे काम होते आणि कपात वजा जाता हातात ९,००० रुपये येत होते. पहिला पगार बँकेत जमा झाला त्याच आठवड्यात मी माझी निळी प्लॅस्टिकची फाइल घेऊन तहसील कार्यालयात गेले. त्या फाइलमध्ये आईने युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र), रेशन कार्ड, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि आतापर्यंतचे सगळे दाखले क्रमाने लावलेले आहेत आणि पावसाने भिजू नये म्हणून फाइलला वरून दुधाची पिशवी चढवलेली आहे. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझे नियुक्तिपत्र वाचले, आजूबाजूला पाहिले आणि कागद माझ्याकडे परत सरकवत हळूच म्हणाल्या, “कायले सांगून राहिली बाई हे? नोकरी दाखवू नको. दाखवली का पगार बंद.”

त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या खिडकीशी रोज येणाऱ्या माणसांचे काय होते हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते, आणि तो सल्ला मायेचाच होता. तरीही मी नोकरी दाखवली. ऑगस्टपासून तेव्हाचे १,५०० रुपये बंद झाले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. नियम होता, तो लागू झाला. तक्रार पुढची आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर कंपनीने शंकरनगरचे कार्यालय बंद करून सगळे काम दुसऱ्या शहरात नेले. पाच महिन्यांत मला ४५,००० रुपये मिळाले होते. नवीन अर्ज करायचा तर नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला लागेल असे सांगण्यात आले, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये सेतू केंद्रातून दाखला काढला. त्यावर २०२४-२५ या वर्षाचे उत्पन्न आले ९३,००० रुपये : आईचे अठ्ठेचाळीस आणि माझे पंचेचाळीस. अर्ज परत आला. ज्या दिवशी तो परत आला त्या दिवशी माझी कमाई शून्य होती आणि ती शून्य होऊन पाच महिने लोटले होते; पण दाखला मागच्या वर्षाचा असतो आणि भूक चालू महिन्याची असते, याची सांगड घालण्याची कोणतीही सोय अर्जात नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शासनाने दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये केले. ही वाढ खरोखरच मोठी आहे आणि ती केल्याबद्दल मी मनापासून आभार मानते. माझ्याबरोबर बारावीला असलेल्या आणि त्यानंतर कधीही नोकरीला न लागलेल्या एका मैत्रिणीच्या खात्यात ते अडीच हजार दर महिन्याला येतात. नोकरी केल्याचा दंड म्हणून मी मात्र पुढच्या एप्रिलची वाट पाहत बसले आहे. “हातचं सोडून पळत्याच्या मागं कायले लागली होती?” असे आई तेव्हा म्हणाली होती. आता ती बोलत नाही, आणि ते अधिक बोचते.

आता हिशेब मांडते, कारण दिव्यांग मुले काम करायला तयार नसतात असे आम्ही अनेकदा ऐकतो. आजच्या दराने २,५०० रुपये मिळणारी माझ्यासारखी एखादी मुलगी ९,००० रुपयांच्या नोकरीला लागली असे समजा. शेअर ऑटोत चढेपर्यंत चालक थांबत नाही, म्हणून घरापासून आंबेडकर चौकाच्या मेट्रो स्थानकापर्यंत मला स्वतंत्र ऑटो करावा लागे. जायचे चाळीस आणि यायचे चाळीस, म्हणजे पंचवीस दिवसांचे २,००० रुपये. मेट्रोचे ये-जा मिळून हजाराच्या आसपास. (मेट्रोबद्दल चांगलेच सांगायचे आहे : लिफ्ट चालू असते आणि डब्यात चढताना पायरी नसते. अ‍ॅक्वा मार्गिकेचा हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला नसता तर मला ती नोकरी धरताच आली नसती.) नऊ हजारांतून हे तीन हजार गेले, राहिले सहा. त्यातून बंद होणारे अडीच हजार वजा करा. महिनाभर रोज आठ-नऊ तास काम करून त्या मुलीच्या घरात आधीपेक्षा ३,५०० रुपये जास्त येतील, म्हणजे दिवसाला १४० रुपये. फिजिओथेरपीचे आठवड्याला ३०० रुपये आणि एका बाजूने झिजणारा कॅलिपरचा बूट हे खर्च नोकरी असो वा नसो चालूच राहतात. किंबहुना रोज चालावे लागल्याने बूट लवकर झिजतो. वर नोकरी गेली तर परतीचा रस्ता वर्षभर बंद. एवढ्या हिशेबानंतर एखाद्या मुलाने घरीच राहणे पसंत केले, तर त्याला आळशी म्हणण्याआधी हा कागद त्याच्याबरोबर बसून पुन्हा एकदा वाचावा.

घरी न राहता काम करणारेही पुष्कळ आहेत, पण ते कागदावर नसतात. मालकाला सांगितले जाते, “पगार हातात द्या, बँकेत नको.” मालकाला ते सोयीचेच असते. कर्मचारी राज्य विमा योजनेत सर्वसाधारण कामगारासाठी वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे आणि दिव्यांग कामगारासाठी ती २५,००० रुपये आहे. म्हणजे दिव्यांग माणसाला जास्त मिळकतीवरही संरक्षण लागते हे केंद्राच्या त्या नियमाने मान्य केलेले आहे. रोखीने काम करणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. विमा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, अनुभवाचा दाखला नाही आणि मालकाने महिन्याचे पैसे बुडवले तर कुठे दाद मागायची सोयही नाही, कारण दाद मागितली की ‘नोकरी दाखवली’ असे होते. माझ्या ओळखीचा एक मुलगा दोन वर्षे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असाच बसतो. त्याच्या हाताला कसब आहे, पण स्वयंरोजगाराच्या कर्जासाठी उत्पन्न दाखवावे लागते आणि अनुदानासाठी ते लपवावे लागते. दोन्ही कागद शासनाचेच.

यात एक विसंगती अशी आहे की ती पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मला हसू आले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे अडीच लाख रुपये. मी वर्षभर ९,००० रुपयांवर राहिले असते तर आईचे आणि माझे मिळून १,५६,००० रुपये झाले असते. त्या उत्पन्नावर मी ‘बहीण’ म्हणून निकषात बसते. ‘दिव्यांग’ म्हणून मात्र बसत नाही. तेच घर, तीच मिळकत, तीच मुलगी. धडधाकट असते तर सरकारने माझ्या नोकरीकडे पाहून न पाहिल्यासारखे केले असते, आणि पाय अधू आहे म्हणून माझी मर्यादा एक पंचमांशावर आली. माझ्यासारख्याच एखाद्या दिव्यांग तरुणाला तर तो दुसरा दरवाजाही नाही. हे त्या योजनेविरुद्ध बोलणे नव्हे, माझ्या आईला तिचा लाभ मिळतो आणि तिच्या औषधांचा खर्च त्यातूनच भागतो. पण सहाय्य आणि कमाई एकाच घरात नांदू शकतात हे शासनाने तिथे स्वीकारले, तर इथेच का अडावे?

मला वाटते, अडचण योजनेच्या नावातच आहे. १९८० मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा विधवा, अनाथ, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि दिव्यांग अशा सगळ्यांना ‘निराधार’ या एका शब्दाखाली आणले गेले. त्या काळाच्या मानाने ते मोठे पाऊल होते. पण निराधार असणे ही एक परिस्थिती आहे, ती बदलू शकते. माझा पाय ही परिस्थिती नाही. नोकरी लागल्याने मी निराधार राहत नाही हे कबूल, मात्र नोकरी लागल्याने मी दोन पायांवर नीट चालू लागत नाही. आज मिळणारे पैसे गरिबीसाठी आहेत की दिव्यांगत्वामुळे येणाऱ्या जादा खर्चासाठी आहेत, हे नियमात कुठेच वेगळे केलेले नाही, आणि त्यामुळे गरिबी संपण्याच्या पहिल्याच पायरीवर दुसऱ्या कारणाचे पैसेही काढून घेतले जातात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावी असे म्हटले आहे. इतरांना मिळणाऱ्या १,५०० वर २५ टक्के अधिक म्हणजे १,८७५. त्या दृष्टीने २,५०० ही रक्कम कायद्याच्या पुढेच आहे. पण ज्या दरवाजातून त्या रकमेपर्यंत पोहोचायचे तो दरवाजा इतरांच्या पाचपट अरुंद ठेवला, तर कायद्याचा हेतू साधला असे म्हणता येईल का? त्याच कलमात दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी शासन अधिसूचित करील ती उत्पन्न मर्यादा असेल असे म्हटले आहे. म्हणजे मर्यादा किती असावी आणि ती कशी मोजावी, हे ठरवणे आपल्याच हातात आहे. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणाबद्दल मी इथे लिहीत नाही. ती लढाई वेगळी आहे, आणि माझ्यासारख्या बहुतेकांना जी पहिली नोकरी मिळते ती खासगी, आठ-दहा हजारांची आणि केव्हाही सुटू शकणारी असते.

दुसरीकडे हे कसे करतात याबद्दल थोडे वाचले, ते सांगते. अमेरिकेत गरीब दिव्यांगांसाठी एसएसआय (सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम) नावाची मासिक साहाय्याची योजना आहे. तिच्यात कामाच्या मिळकतीपैकी महिन्याचे पहिले ६५ डॉलर मोजलेच जात नाहीत, आणि त्यापुढच्या दर दोन डॉलरमागे साहाय्यातून एक डॉलर कमी होतो. बावीस वर्षांखालील विद्यार्थ्याच्या कमाईला आणखी सवलत असते. दिव्यांगत्वामुळे कामासाठी करावा लागणारा खर्च मिळकतीतून वजा करता येतो. कामाच्या मिळकतीमुळे साहाय्य बंद झाले आणि पुढे त्याच व्याधीमुळे काम करणे जमेनासे झाले, तर पाच वर्षांच्या आत नवा अर्ज न करता ते पुन्हा सुरू करण्याची विनंती करता येते. त्या योजनेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिच्यात एकट्या व्यक्तीजवळच्या मालमत्तेची मर्यादा २,००० डॉलर आहे, ती १९८९ पासून बदललेली नाही आणि तिथले दिव्यांग तरुण त्यामुळे बचत करायला भितात. चूक तिकडची घेऊ नये, उतार तेवढा घ्यावा. आमच्याकडे आज उतार नाही, कडा आहे.

तो उतार इथे कसा असू शकतो याचे एक गणित सुचवते. दिव्यांग लाभार्थ्याच्या कुटुंबाची मर्यादा लाडक्या बहिणीइतकीच, म्हणजे अडीच लाख रुपये करावी आणि लाभार्थ्याची स्वतःची मजुरी वा पगार त्यात न धरता वेगळा मोजावा. त्याच्या पगाराचे महिन्याचे पहिले ५,००० रुपये सोडून द्यावेत आणि पुढच्या दर दोन रुपयांमागे अनुदानातून एक रुपया कमी करावा. म्हणजे ९,००० रुपये कमावणाऱ्या माझे २,००० रुपये कापले जातील, ५०० उरतील आणि १०,००० रुपयांना अनुदान आपोआप शून्यावर येईल. शून्यावर आले तरी प्रकरण बंद न करता ते निष्क्रिय ठेवावे, आणि नोकरी सुटल्याचे मालकाचे पत्र किंवा भविष्य निर्वाह निधीची नोंद दाखवल्यावर तीस दिवसांत त्याच क्रमांकावर ते पुन्हा सुरू व्हावे. मागच्या वर्षाचा दाखला त्या वेळी मागू नये. या सगळ्यातली एकच गोष्ट या अधिवेशनात करता येणार असेल, तर ही शेवटची करावी, कारण मुलांना नोकरीपासून दूर ठेवणारी भीती पगाराची नसून परत न येऊ शकण्याची आहे.

तिजोरीवर बोजा पडेल, असा आक्षेप येईल. मी लेखाशाखेची आहे, म्हणून याचे उत्तरही आकड्यांतच देते. मी आज लाभार्थी असते आणि अनुदान जपण्यासाठी पासष्टीपर्यंत घरी बसले असते, तर कोणतीही वाढ न धरता एकेचाळीस वर्षांचे १२,३०,००० रुपये शासनाला द्यावे लागले असते. वरच्या गणिताने मी नोकरीत असेन त्या प्रत्येक महिन्याला शासनाचे २,००० रुपये वाचतात. दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. तो खरा आहे आणि खोट्या प्रमाणपत्रांमुळे सर्वांत जास्त अपमान आमचाच होतो. मात्र आजचा नियम बोगस माणसाला पकडत नाही, तो खरे बोलणाऱ्याला पकडतो. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट येतात आणि पगारही बँकेत येतो. कमावणे सुरक्षित झाले, तर लपवण्याचे कारणच उरणार नाही.

शेवटी माझ्या बाबतीत सध्या काय चालले आहे ते सांगून पत्र थांबवते. इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेबाचे काम मिळत आहे, पगार ८,५०० रुपये. त्यांना माझी अडचण ठाऊक आहे, आणि त्यांनी आपणहून विचारले, “पैसे रोख देऊ की खात्यात टाकू?” रोख घेतले तर एप्रिलमध्ये नवा दाखला काढून मी पुन्हा अर्ज करू शकते. खात्यात घेतले तर तो दाखलाही मर्यादेच्या वर जाईल. सोमवारपर्यंत कळवते, असे मी त्यांना सांगितले आहे.

आपली,
नंदनवन, नागपूर येथील एक दिव्यांग नागरिक